लक्ष्मीबाई टिळक : एका सोवळ्या घरातील मुलीचे चरित्र

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत चरित्र यावयाचे ते बहुधा आपल्याच ज्ञातीतील एखाद्या कर्त्या पुरुषाचे. कोणी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारलेले असते, कोणी निजामी अमलात मराठी शाळा चालविलेली असते, कोणी देवळाचा जीर्णोद्धार केलेला असतो. हा प्रघात योग्यच आहे आणि तो मोडावा असे आमचे म्हणणे नाही. तथापि यंदा चिटणीसांनी हदगावहून लेख पाठविण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रघाताबाहेरचे एक नाव त्यांस कळविले. ते नाव लक्ष्मीबाई टिळक यांचे. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हेत, मराठवाड्याच्या नव्हेत, आणि वयाच्या बत्तिशीनंतर त्या हिंदुधर्मीयही राहिल्या नाहीत. इतके असूनही त्यांचे चरित्र आपल्या घराघरांतून वाचले जावे असे आम्हांस का वाटले, याचे कारण गेल्या वार्षिक सभेस हजर असलेल्या ज्ञातिबंधूंस निराळे सांगावयास नको.

ज्ञातिसूचीच्या नव्या आवृत्तीत कोणाची नावे ठेवावी आणि कोणाची गाळावी, यावर त्या सभेत पुष्कळ बोलणे झाले. कोणाच्या मुलाने ज्ञातीबाहेर लग्न केले आहे, कोणाच्या घरी कुळाचार सोडून दुसरा पंथ धरला गेला आहे, कोणी तर देवधर्मच मानीत नाही. अशी घरे आपली म्हणावी की नाहीत ? निर्णय पुढे ढकलला गेला. वास्तविक ज्ञातीने कोणास वाळीत टाकावयाचे दिवस केव्हाच सरले आहेत. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ सालचा कायदा आहे आणि तो २०१७ च्या जुलैपासून अमलात आहे. परंतु कायदा दार उघडे ठेवावयास लावतो, दारात उभा असलेल्यास या म्हणावयास तो शिकवीत नाही. ते शिक्षण लक्ष्मीबाईंना कसे मिळाले, किती वर्षांनी मिळाले आणि त्याची किंमत त्यांनी काय दिली, हे येथे सांगावयाचे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर या लहानशा गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात सारे मनू म्हणत. गाव गोदावरीच्या काठचे. हीच गोदा पुढे आपल्या नांदेडास येते. घर कोकणस्थ ब्राह्मणाचे, आणि त्यातही घरधनी नाना गोखले म्हणजे सोवळ्याचा कळसच. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या सासुरवाडच्या एका वडीलधाऱ्या पुरुषास फाशी झाली होती, आणि त्या धक्क्यापासून नानांना शुद्धाशुद्धतेचे जे वेड लागले ते मरेपर्यंत गेले नाही. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. कोणी कोणास शिवावयाचे नाही. जेवणाच्या वेळी जरा विटाळाचा संशय आला की पुन्हा स्नान. बायकामुलांचे हाल होत, पण बोलण्याची कोणाची छाती नसे. आमच्या लहानपणी हदगावातही म्हातारी माणसे मुकटा उंच दांडीवर काठीने वाळत घालीत आणि आम्हां मुलांना त्याच्या सावलीलाही जाऊ देत नसत. परंतु नानांच्या मानाने ती माणसे मोकळीच म्हणावयाची.

अशा घरात वाढलेल्या मुलीच्या मनात स्पर्शाची भीती किती खोल गेलेली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. लिहिणेवाचणे तिला आले नव्हते. जग म्हणजे आपली जात, आपला गोतावळा आणि आपले देव. बाकी सारे हात राखून वागावयाचे.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशी झाले आणि मनूची लक्ष्मी झाली. (लोकमान्य टिळक ते निराळे, हे लहान वाचकांसाठी सांगून ठेवतो.) नारायणरावांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई प्रेमळ आणि भाविक, वडील तापट. आई गेल्यावर या मुलाने घर सोडले, नाशकास येऊन मिळेल तेथे जेवून विद्या केली, संस्कृतात चांगली गती मिळविली. कविता तर त्यांच्या अंगातच होती. पुढे फुलांवर आणि मुलांवर त्यांनी ज्या कविता लिहिल्या त्या मराठीच्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविल्या गेल्या.

पण संसारी पुरुष म्हणून त्यांची पारख करावयाची झाली तर आम्ही त्यांस फार गुण देणार नाही. आज या गावी नोकरी, उद्या सोडून दुसऱ्या गावी. कधी कोणास न सांगता महिनोन्‌महिने नाहीसे व्हावयाचे. हाती पैसा आला की पहिल्या मागणाऱ्यास द्यावयाचा आणि घरी रिकाम्या हाताने यावयाचे. किराणा आणावयास पाठविले तर भलतीच वस्तू घेऊन येत. राग आला म्हणजे तो अनावर, आणि उतरला म्हणजे पश्चात्तापही तितकाच अनावर. लक्ष्मीबाईंनी या माणसाबरोबर दारिद्र्य सोसले, पोटची मुले गेलेली पाहिली, माहेरी आणि नातलगांकडे दिवस काढले. दत्तू हा मुलगा तेवढा वाचला. नवऱ्याने तिला अक्षरओळख करून दिली, हे मात्र त्याच्या जमेच्या बाजूस लिहिले पाहिजे; पुढे त्या अक्षरांनीच सारे काम केले.

नागपुरास असताना टिळकांना संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम मिळाले होते. मूर्तिपूजा, जातिभेद, पुनर्जन्म यांविषयी त्यांचे मन तेव्हाच डळमळू लागले होते आणि एखादा नवा धर्म आपणच स्थापावा असेही त्यांच्या डोक्यात घोळत असे. १८९३ साली नागपुराहून राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. बोलणे कवितेवरून धर्मावर आले. त्या गृहस्थाने टिळकांस बायबलाची एक प्रत दिली आणि आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून तो उतरून गेला. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले ते ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. दोन वर्षे मनाशी झगडा चालला. अखेर १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोस आधी काही कळविले नव्हते.

ही वार्ता म्हणजे त्या काळी घरात मृत्यू झाल्यासारखीच होती, किंबहुना त्याहून वाईट. मेलेल्याचे निदान सुतक फिटते. आजच्या तरुण वाचकांस हे अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगतो. या आधी पाचच वर्षांपूर्वी, १८९० च्या ऑक्टोबरात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली होती आणि तेथे त्यांच्यापुढे चहा ठेवण्यात आला. कोणी घेतला, कोणी केवळ हातात धरला. एवढ्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले ! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. मिशनचा एक पेला चहा जेथे पचला नाही तेथे आख्खा धर्म बदललेल्या माणसाच्या बायकोने कोणत्या तोंडाने वावरावे ?

नातलगांनी लक्ष्मीबाईंस दत्तूसह पंढरपुरास नेले. तेथे त्यांच्या बहिणीचे यजमान पेंडसे यांचा आधार होता. आपल्या मराठवाड्यातील वारकरी घरांना पंढरी म्हणजे माहेर. या बाईने त्या माहेरी रडून दिवस काढले. त्यांचे मन ठिकाणावर राहीना, अन्न जाईना, लोक सहानुभूतीच्या मिषाने घरी येऊन जखमेवर बोट ठेवून जात. नवरा जिवंत असून कपाळाचे कुंकू लावावे की पुसावे, असा प्रश्न बायका तोंडावर विचारीत. याच दुःखात त्यांनी ओव्या आणि पद्ये जुळविली. ज्या बाईला कालपर्यंत धड लिहिता येत नव्हते तिला दुःखाने कवी केले.

टिळकांची पत्रे येत होती. ते तेव्हा अहमदनगरास अमेरिकन मिशनमध्ये शिकवीत होते. येथे कायद्याची एक बाब वाचकांच्या ध्यानी आणून द्यावीशी वाटते, कारण चरित्र सांगणारे ती बहुधा सोडून देतात. १८६६ साली इंग्रज सरकारने धर्मांतरितांच्या विवाहाविषयी कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको जर त्याच कारणासाठी नांदावयास येत नसेल, तर ठरावीक मुदतीनंतर त्यास कोर्टातून विवाह मोडून घेता येत असे आणि दुसरे लग्न करता येत असे. म्हणजे टिळकांस हा रस्ता मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही. पत्रे लिहिली, मधून मधून भेटून गेले, भांडले, रडले आणि थांबले. संसारात ज्या माणसाला कधी चार दिवस एका जागी धीर निघाला नाही तो या एका बाबतीत चार-पाच वर्षे थांबून राहिला. त्यांच्या सर्व कवितांपेक्षा आम्हांस हे थांबणे मोठे वाटते.

अखेर लक्ष्मीबाई निघाल्या. का निघाल्या ? धर्म पटला म्हणून मुळीच नव्हे. नवऱ्यावर जीव होता आणि मुलाला बाप हवा होता, एवढेच. सोवळे सोडावयाचे नाही, स्वयंपाक निराळा राहील, धर्माची सक्ती होणार नाही, असे ठरवून त्या आल्या. टिळकांनी सारे मान्य केले आणि मान्य केलेले पाळले.

आता त्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. नवरा ख्रिस्ती, बायको कडकडीत ब्राह्मण. आजूबाजूस मिशनची वस्ती, तीत महार, मांग, कुणबी, ब्राह्मण अशा नाना जातींतून आलेली माणसे. बाईंचे पाणी निराळे, भांडी निराळी, चूल निराळी. नवऱ्याला वाढावयाचे ते दुरून. कोणी शेजारीण मायेने काही घेऊन आली तर घ्यावयाचे कसे आणि परत पाठवावयाचे कसे ? तिचा स्पर्श झाला तर स्नान. आणि स्नान करताना ती पाहील तर तिला काय वाटेल, हाही विचार मनात येऊ लागलेला. आमच्या मते बदलाचा पहिला अंकुर तो हाच. दुसऱ्याला काय वाटेल हे ज्या क्षणी मनात आले त्या क्षणी सोवळ्याला पहिला तडा गेला, बाईंच्या ध्यानी तो आला असो वा नसो.

मग एकेक गोष्ट ढिली होत गेली. मुलगा लहान, तो कोणाकडेही जाऊन खाऊन येई. त्यास किती धरून ठेवणार? ज्या माणसांच्या सावलीस भ्यावयाचे तीच माणसे आजारपणात रात्री जागविताना दिसत. आपल्या सोवळ्या नातलगांनी संकटात जे शब्द वापरले होते तेही आठवत असतील. टिळक वाद घालीत नसत असे नव्हे. वाद घालणे हा त्यांचा स्वभावच. पण वादात बाई हटत नसत. उत्तर सुचले नाही तर गप्प बसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपली घागर निराळी भरून आणीत. ज्यांना घरातील वडील माणसांशी वाद घालून त्यांचे मत पालटावयाचे आहे अशा तरुणांनी ही घागर ध्यानात ठेवावी.

असे होता होता एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा त्यांचा प्रश्न. देवाने पशुपक्ष्यांत भेद केले ते पाहताच कळतात. घोडा आणि गाय कोणी ओळखून द्यावी लागत नाहीत. माणसांत तसे कोठे आहे ? जन्म सारखा, मरण सारखे, हात, पाय, भूक, दुःख सारखे. मग ही खूण देवाची नव्हे, माणसाचीच. हा विचार कोणत्या पंडिताने त्यांच्या डोक्यात घातला नाही. शास्त्र त्यांनी वाचलेले नव्हते. विचार पुरा झाला आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ असा त्यांनी निश्चय केला. नानांच्या मुलीने हे करावे ! टिळकांस सांगितले तेव्हा त्यांस केवढा आनंद झाला असेल हे सांगणे नको.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. जात गेली ती आधी, धर्मांतर झाले ते नंतर. निश्चय झाल्यावरही त्या काही काळ हिंदूच होत्या. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली राहुरी येथे घेतला. तो त्यांच्या अंतःकरणाचा प्रश्न होता. त्याविषयी मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही आणि आमच्या वाचकांनी तसे करावे अशी सूचना तर स्वप्नातही नाही. आम्ही स्वतः माळकरी घरातले आहोत आणि माळ गळ्यात आहे. सांगावयाचे इतकेच की दुसऱ्याचे मत सोसण्यासाठी आपले मत सोडावे लागत नाही. लक्ष्मीबाई जेव्हा सर्वांच्या हातचे पाणी पिऊ लागल्या तेव्हा त्यांच्या घरचे देव कोणी पाण्यात टाकले नव्हते.

१८९९-१९०० चा तो मोठा दुष्काळ. दक्षिणेत, आपल्या मोगलाईतही, माणसे अन्नावाचून मेली. अनाथ पोरे शेकड्यांनी मिशनकडे आली. टिळक त्या कामात पडले, आणि त्यांच्या मागोमाग घरात पोरांची रीघ लागली. कोण कोणत्या जातीचे हे विचारण्यास वेळ नव्हता आणि आता इच्छाही नव्हती. उवा झालेली, खरजेने भरलेली मुले लक्ष्मीबाईंनी धुतली, पुसली, जेवू घातली. पुढे नगरात प्लेग आला तेव्हा त्या रोग्यांच्या शुश्रूषेस गेल्या. वडिलांनी आयुष्यभर वस्तू धुतल्या. मुलीने माणसे धुतली.

धर्म बदललेल्या माणसाचा एक दोष सर्वत्र आढळतो. जे सोडले त्याच्यावर तो थुंकू लागतो. नव्या घरातील जुन्या माणसांपेक्षाही तो अधिक कडवा होतो. राजकीय पक्ष बदलणाऱ्यांतही आपण हे पाहतो. टिळक दांपत्य यातून सुटले, हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत दुर्मीळ फळ होय. खानदेशातील धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक ब्राह्मण मुलगा १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात बालकवी म्हणून नावाजला गेला. पुढे हा मुलगा नगरास टिळकांच्या घरी राहिला. घरची गरिबी, स्वभाव लहरी, रुसावयाचा आणि रडावयाचा. लक्ष्मीबाईंनी त्यास पोटच्या मुलासारखे वागविले, खाऊ घातले, रागे भरल्या. ख्रिस्ती घराचे अन्न त्याने खाल्ले, पण तो ख्रिस्ती झाला नाही. १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली तो गेला, तो हिंदू म्हणूनच. निसर्गाचा एवढा मोठा कवी मराठीला देण्यात त्या स्वयंपाकघराचा वाटा आहे.

टिळकांचे स्वतःचे मिशनशीही नीट जमले नाही. साहेबाच्या चालीचा ख्रिस्ती धर्म त्यांस नको होता. त्यांनी देवळात कीर्तन आणले, भजने आणली, अभंग रचले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मानीत. परदेशी पाद्र्यांनी हिंदी ख्रिस्त्यांवर धनीपणा गाजवावा हे त्यांस सोसवत नसे आणि तसे ते बोलून दाखवीत. उलट सनातन्यांना हा माणूस बाटगा, आणि काही ख्रिस्त्यांना अर्धा हिंदूच. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, भगवी वस्त्रे घेतली आणि देवाचा दरबार या नावाने एक मंडळ काढले. बाप्तिस्मा घेतलेल्यास आणि न घेतलेल्यास त्यात सारखीच जागा होती. काम रुजण्यापूर्वीच १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत ते निवर्तले.

नातलगांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या वाचकांस पडेलच. आम्हांस तोच महत्त्वाचा वाटतो. सर्वांनी दार लावून घेतले असे झाले नाही. काहींनी नाते तोडले ते कायमचे. काहींनी मात्र जाणेयेणे ठेवले. पंगत वेगळी, पण पत्र चालू. काहींचे मन वर्षांनी वितळले. लक्ष्मीबाईंनी यांपैकी कोणाविषयीही विष साठविले नाही. आपणच पाच वर्षे नवऱ्याला शिवल्या नव्हत्या. तेव्हा न शिवणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते हे त्यांस आतून ठाऊक होते. उदार मताच्या माणसांत हा गुण अभावानेच असतो, असे आम्हांस शाळेतील तीन तपांच्या अनुभवावरून म्हणावेसे वाटते. नवे मत घेतलेला तरुण शिक्षक जुन्या मताच्या शिक्षकाची जितकी टर उडवितो तितका तो त्यास जवळ करीत नाही. मग जुना अधिकच घट्ट होतो, आणि शिक्षकांच्या खोलीत दोन चहाच्या किटल्या होतात.

वैधव्यानंतर लक्ष्मीबाई मुंबईस राहिल्या, मुलाच्या संसाराबरोबर कराचीस राहिल्या, शेवटी नाशकास आल्या. टिळकांनी ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र, ख्रिस्तायन, आरंभिले होते. त्याचे थोडेच अध्याय झाले होते. ते पुरे करावयाचे काम या बाईने अंगावर घेतले आणि पन्नासाहून अधिक अध्याय रचले. विद्वानांनी भ्यावे असे हे काम. पण नवऱ्याचे अर्धे राहिलेले घर शाकारून घ्यावे तितक्याच साधेपणाने त्यांनी ते केले.

आणि मग स्मृतिचित्रे. मुलाला, देवदत्ताला, वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी सांगाव्या, लिहून द्याव्या, असे ठरले. आठवणी लिहिता लिहिता त्यांचे स्वतंत्र पुस्तकच झाले. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झाले. मराठीत आत्मचरित्रे पुष्कळ आहेत, पण याच्या जोडीचे आम्हांस दुसरे ठाऊक नाही. कोठे संस्कृतप्रचुर शब्द नाही, कोठे आपली फुशारकी नाही. परसात भांडी घासता घासता शेजारणीस सांगावे तसे सारे सांगितले आहे. शाळेत त्यातील उतारे शिकविताना मुले पोट धरधरून हसत, आणि एकदम कोणीतरी हसावयाचे थांबे.

त्या पुस्तकातील नाना गोखले आपण अवश्य वाचावे. ज्या बापाच्या सोवळ्याने घर पोळले, ज्याच्यामुळे आई जन्मभर धाकात राहिली, त्या बापाचे चित्र काढताना मुलीच्या हातात कोळसा असता तर कोणी दोष दिला नसता. ती त्यांस हसते, पोटभर हसते. पण त्या हसण्यात तिरस्काराचा थेंब नाही. एका भयंकर धक्क्याने भ्यालेला माणूस सगळे जग धुऊन काढू पाहत होता, हे तिला कळले आहे. नवऱ्याचेही तसेच. त्याचा राग, त्याचा भोळेपणा, त्याने घातलेले गोंधळ ती काहीएक लपवीत नाही; आणि तरी पुस्तक मिटल्यावर वाचकास टिळक आवडतात. पंढरपुरात टोचून बोलणाऱ्या बायका, नगरातील मिशनरी मडमा, कामाच्या गडीमाणसांपासून नातलगांपर्यंत सारे त्या पुस्तकात एकाच पंगतीस बसले आहेत, आणि वाढणारीने कोणाच्या पानात डावेउजवे केलेले नाही.

आपल्या भागात ग्रंथ सहज मिळत नाहीत अशी तक्रार पूर्वी असे. निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत, मराठी पुस्तक हदगावास यावयाचे ते पैनगंगेपलीकडून, उमरखेडाकडून, पाहुण्याच्या पडशीतून. आता तशी अडचण नाही. स्मृतिचित्रे संपूर्णही मिळतात आणि संक्षिप्तही, संपूर्णच घ्यावी. घरातील मोठ्याने संध्याकाळी मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, असे हे पुस्तक आहे. सासूसुनांनी एकत्र ऐकल्यास अधिक बरे.

शेवटच्या दिवसांत लक्ष्मीबाई थकल्या होत्या, पण लिहिणे चालूच होते. स्मृतिचित्रांतील हकीगत त्यांना शेवटपर्यंत पोहोचविता आली नाही. १९३६ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. जलालपूर तेथून फार लांब नाही.